सहा तासांची नोंद

कायद्याचा रक्षकच कायद्याला बगल देतो, अशा एका पोलीस अधिकाऱ्यावरील गुन्हेपटाची पटकथा लिहिण्याचे काम मी २०२३ च्या सुरुवातीला हाती घेतले, तेव्हा ते सहा महिन्यांत उरकेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात पहिल्या टिपणापासून चित्रीकरणासाठी पक्क्या झालेल्या संहितेपर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली, पाच खर्डे झाले, आणि त्यांतले पहिले दोन मला संपूर्णपणे बाजूला ठेवावे लागले. या दोन वर्षांतला बराचसा वेळ लिहिण्यात गेला नाही, तो पंचनामे वाचण्यात, न्यायालयात मागच्या बाकावर बसण्यात आणि पोलिसांचा कागद कसा तयार होतो हे समजून घेण्यात गेला. या प्रकारचा चित्रपट लिहू पाहणाऱ्या कुणालाही या वाटेवरून जावे लागेल असे मला वाटते, म्हणून हा अनुभव जरा तपशिलात लिहीत आहे.

पहिल्या खर्ड्यातला माझा अधिकारी पहिल्याच प्रसंगात लाच घेत होता. तो दारू पीत होता, संशयितांना मारत होता, त्याची बायको त्याला सोडून गेली होती आणि वरिष्ठांशी त्याचे रोज वाजत होते. लिहिताना मला हे सगळे फार धारदार वाटले होते. दिग्दर्शिकेशी माझा जुना स्नेह आहे. तिने एकशे अठरा पाने एका बैठकीत वाचली आणि शेवटचे पान उलटून ठेवत म्हणाली, ‘‘हा माणूस पहिल्या पानावरच बुडालेला आहे रे. तो बुडताना मला कधी दिसणार?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब. म्हणजे मी प्रेक्षकांना जवळजवळ दोन तास अशा माणसापुढे बसवणार होतो, ज्याच्यात बदलण्यासारखे काही उरलेलेच नव्हते. भ्रष्ट पोलीस दाखवणे सोपे आहे, कारण तो आपल्यापासून फार दूर उभा असतो आणि त्याच्याकडे बोट दाखवताना आपला हात थरथरत नाही.

दुसऱ्या खर्ड्यात मी नेमकी उलट चूक केली. अधिकाऱ्याच्या लहानपणी त्याच्या बहिणीचा खून झालेला, खुनी पुराव्याअभावी सुटलेला, आणि म्हणून त्याचा न्यायालयांवरचा विश्वास उडालेला, अशी पूर्वकथा मी रचली. तो काही गैर करायला निघाला की मी लगेच ती बहीण आणून उभी करत असे. परिणामी पटकथा त्याच्या वतीने केलेल्या दयेच्या अर्जासारखी झाली. दिग्दर्शिकेने या वेळी भाष्य काहीच केले नाही. जिथे जिथे लेखक प्रेक्षकांकडे सहानुभूती मागतो आहे असे तिला वाटले, तिथे तिथे तिने समासात पेन्सिलीने एक बारीक फुली केली होती. मी त्या फुल्या मोजल्या. एकतीस होत्या.

त्यानंतर मी लिहिणे थांबवले आणि सत्र न्यायालयात जाऊन बसू लागलो. आपल्याकडे फौजदारी खटल्यांचे कामकाज सामान्यतः खुले असते, कुणीही शांतपणे मागे बसून ऐकू शकतो. तरीही गुन्हेपट लिहिणारे आम्ही लोक तिथे फारसे फिरकत नाही आणि दुसऱ्या चित्रपटांतली न्यायालये पाहून आपली न्यायालये लिहितो. मी तिथे अकरा दिवस बसलो. त्यांतला एक प्रसंग पुढच्या सगळ्या लिखाणाचा पाया ठरला, म्हणून तो जसा पाहिला तसा सांगतो.

एका खुनाच्या खटल्यात पंचाची साक्ष चालू होती. सरकारी वकिलांनी मुद्देमालाचे पाकीट दाखवायला सांगितले. शिपायाने खाकी कागदात गुंडाळलेले, दोऱ्याने बांधलेले एक लांबट पाकीट टेबलावर ठेवले. दोऱ्याच्या गाठीवर लाखेचे सील होते आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ आणि दोन पंचांच्या सह्या. सील फोडले तेव्हा लाखेचे लालसर तुकडे टेबलावर विखुरले आणि शिपायाने ते तळहाताच्या कडेने गोळा करून बाजूला सारले. आतून गंजलेला कोयता निघाला. माझ्यासकट मागे बसलेल्या सर्वांचे डोळे त्या कोयत्यावर खिळले. बचाव पक्षाच्या वकिलांनी मात्र तो हातातसुद्धा घेतला नाही. त्यांनी चिठ्ठी पंचापुढे धरली आणि विचारले, ‘‘ही तुमची सही. तुम्ही सही केलीत तेव्हा वरची वेळ लिहिलेली होती का?’’ पंच बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘वेळ साहेबांनी नंतर लिहिली असेल.’’ पुढचा अर्धा तास उलटतपास त्या एका ओळीभोवती फिरत राहिला. शस्त्र खरे की खोटे हा प्रश्नच मागे पडला. ते कधी, कुठे, कुणाच्या देखत आणि कुणाच्या सांगण्यावरून मिळाले, एवढ्यावर सगळा खटला तोलला गेला होता. माझा अधिकारी जिथे घसरणार होता ती जागा मला त्या चिठ्ठीवर दिसली.

ती जागा नीट समजून घ्यायची तर थोडा कायदा समजून घ्यावा लागतो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या २५ व्या कलमानुसार आरोपीने पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली गुन्ह्याची कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नसे. मारहाण करून कबुल्या मिळवण्याची सवय मोडावी, हा त्यामागचा विचार. मात्र २७ व्या कलमाने एक दार किलकिले ठेवले होते: कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या शोधाशी थेट निगडित असलेला माहितीचा तेवढाच भाग सिद्ध करता येतो. स्वातंत्र्यापूर्वी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टया खटल्यात या कलमाची मर्यादा आखून दिली. आरोपी म्हणाला, की घराच्या छपरात लपवलेला चाकू मी काढून देतो, तर तेवढे चालेल. ‘त्याच चाकूने मी भोसकले’ हे पुढचे शब्द चालणार नाहीत. म्हणूनच तपासात आधी आरोपीच्या निवेदनाचा पंचनामा होतो, मग आरोपी पुढे आणि पोलीस व पंच मागे असे सगळे जण त्या जागी जातात, आणि वस्तू मिळाली की जप्तीचा पंचनामा होतो. यात एक अट गृहीतच आहे. ती जागा पोलिसांना आधी ठाऊक असता कामा नये, कारण जे आधीच सापडले आहे त्याचा शोध पुन्हा लागत नाही.

हे सगळे मला एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी चार बैठकांत समजावून दिले. त्यांनी नाव न लिहिण्याची अट घातली होती आणि ती मी पाळतो आहे. मी त्यांना विचारले होते, की प्रामाणिक अधिकारी पहिल्यांदा कशामुळे घसरतो. पैशाचे उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, ‘‘पैसे घेणाऱ्याला आपण पैसे घेतले हे माहीत असते. पंचनाम्यातली वेळ बदलणाऱ्याला मात्र रात्री शांत झोप लागते, कारण त्याला वाटते की आपण फिर्यादीचे काम केले.’’ मी हे वाक्य वहीत उतरवून घेतले. चित्रपटात ते कुठेही नाही, कारण पात्राच्या तोंडी घातले असते तर ते भाषण झाले असते. पण तिसरा खर्डा सबंध त्या वाक्यावर उभा राहिला.

तिसऱ्या खर्ड्यातली गोष्ट अशी. एका रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचा खून होतो. संशयित त्याचाच सहकारी. तो ताब्यात येण्यापूर्वी, पहाटे पाचच्या सुमारास, तपासी अंमलदार असलेला माझा अधिकारी एका बंद पडलेल्या कारखान्यात केवळ अंदाजाने शिरतो आणि कोरड्या टाकीच्या तळाशी त्याला रक्ताने माखलेला लोखंडी पाना मिळतो. सोबत पंच नाहीत. बाहेर गाडीत फक्त चालक शिपाई आहे. पान्यावर बोटांचे ठसे मिळण्याची आशा नाही, साक्षीदार नाही. सकाळी संशयित त्याच्यासमोर सगळे कबूल करतो, पण त्या कबुलीला न्यायालयात किंमत नाही. पाना आपणच शोधला असे कागदावर आले, तर त्या पान्याचा आणि संशयिताचा संबंध जोडणारा धागाच तुटतो. अधिकारी पाना आधीच टाकीत परत ठेवून आला आहे. सहा तासांनंतर, अकरा वाजता, तो आरोपीला आणि दोन पंचांना घेऊन तिथे जातो, आणि आरोपी पाना ‘काढून देतो’. आरोपी खरोखरच खुनी आहे. पानाही खरा आहे. खोटा आहे तो फक्त क्रम, आणि दप्तरात ज्यांची नोंदच नाही असे ते सहा तास.

आरोपी खरा दोषी आहे, हा निर्णय घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. निरपराध माणसाला गोवले असे दाखवले असते तर प्रेक्षकांची बाजू लगेच ठरली असती आणि अधिकाऱ्याला खलनायक म्हणून मोकळे होता आले असते. या पेचात मला अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा १९५८ सालचा ‘टच ऑफ ईव्हिल’ पुन्हा पाहणे फार उपयोगी पडले. त्यातला पोलीस अधिकारी क्विनलन हा संशयिताच्या घरात, बुटांच्या खोक्यात डायनामाइट ठेवून पुरावा उभा करतो, आणि चित्रपटाच्या शेवटी कळते की त्या संशयिताने गुन्हा कबूल केला आहे. अंदाज बरोबर, पुरावा बनावट. मी तो चित्रपट या वेळी थांबवत थांबवत पाहिला आणि माझ्या लक्षात आले की त्या प्रसंगाची सगळी ताकद आधीच्या एका साध्या क्षणात आहे: न्हाणीघरात व्हार्गासच्या, म्हणजे क्विनलनची लबाडी उघड करणाऱ्या मेक्सिकन अधिकाऱ्याच्या, हातून तेच खोके पडते आणि ते रिकामे असल्याचे आपण पाहतो. लबाडी प्रेक्षकांना नंतर कुणी समजावून सांगत नाही. ती त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून कळते. माझ्या पहिल्या मांडणीत पहाटेचा शोध मी रहस्य म्हणून शेवटाकडे राखून ठेवला होता. तो मी उचलून आठव्या पानावर आणला. त्यामुळे रहस्य गेले, पण पुढे प्रत्येक वेळी अधिकारी तोंड उघडतो तेव्हा प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागतो, आणि अशा चित्रपटात मला हा ताण रहस्यापेक्षा मोलाचा वाटतो.

राहिला चालक शिपाई. त्याने पहाटे साहेबांना कारखान्यात शिरताना आणि रिकाम्या हातांनी, पण हात पुसत, बाहेर येताना पाहिले आहे. आधी मी त्याला सरळ धमकी द्यायला लावले होते. वाचताना ते उथळ वाटले. मग मी त्याला काहीच बोलू दिले नाही. तीन आठवड्यांनी तो गाडी चालवता चालवता एवढेच म्हणतो, ‘‘साहेब, भाच्याची मोटारसायकल अडकलीये चौकीवर. कागद आहेत सगळे, फक्त लायसन नाही.’’ अधिकारी गाडी सोडवून देतो. पुढची मागणी थोडी मोठी असते, आणि तिसरी मागणी शिपायाची स्वतःची नसतेच. ती त्याच्यामार्फत आलेली, वाळूचा अवैध उपसा करणाऱ्या एका ठेकेदाराची असते. ही उतरण दाखवायला मला मराठीनेच मदत केली. सुरुवातीला अधिकारी शिपायाला ‘तू गाडी काढ’ असे म्हणतो. भाच्याची गाडी सुटल्यानंतर तो त्याला एकदा नाव घेऊन हाक मारतो आणि पुढे काय म्हणावे या विचारात वाक्य अर्धवट सोडतो. ठेकेदाराच्या निरोपानंतर तो म्हणतो, ‘‘तुम्ही चला, मी येतो.’’ शिपाई मात्र शेवटपर्यंत ‘साहेब’च म्हणतो, फक्त एका प्रसंगात, गर्दीत, घाईत, तो ‘साहेब’ गाळतो, आणि अधिकारी वळून पाहतो. दोघांमधला अधिकार कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला, हे सांगायला आणखी एकही संवाद लिहावा लागला नाही.

तिसरा खर्डा २०२४ च्या एप्रिलमध्ये झाला आणि आम्हाला वाटले की आता फक्त डागडुजी उरली. पण डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने तीन नवे फौजदारी कायदे संमत केले होते आणि ते १ जुलै २०२४ पासून लागू होणार होते. कलमांचे क्रमांक बदलतील, तेवढे संवादांत बदलू, अशा समजुतीत मी होतो. पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी पोलिसांजवळच्या कबुलीची बंदी आणि शोधाचा तो अपवाद हे दोन्ही त्याच्या २३ व्या कलमात एकत्र आले, म्हणजे माझा पाया शाबूत होता. धक्का दुसरीकडून बसला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती आणि जप्ती यांचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणे आवश्यक केले, शक्यतो मोबाइल फोनवर, जप्तीची यादी करणे आणि त्यावर साक्षीदारांनी सह्या करणे यांसह. आणि ते चित्रण विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. माझी सगळी गोष्ट कागदावर नंतर घातल्या जाणाऱ्या वेळेवर उभी होती, आणि आता त्या क्षणी तिथे कॅमेरा येऊन उभा राहिला.

कथा २०१९ मध्ये नेऊन ठेवावी, असा सोपा मार्ग निर्मात्यांनी सुचवला. मीही आठवडाभर त्या बाजूने झुकलो होतो. मग एका संध्याकाळी मी तो प्रसंग नव्या कायद्याप्रमाणे लिहून पाहिला, केवळ तो कोसळतो हे स्वतःला पटवण्यासाठी, आणि तो कोसळला नाही. उलट तो पूर्वीपेक्षा अधिक भयंकर झाला. चित्रीकरण अकरा वाजता सुरू होते. आरोपी पुढे चालतो, टाकीपाशी थांबतो, हात आत घालतो, पाना बाहेर काढतो. पंच पाहतात, यादी होते, सह्या होतात. यातली एकही चौकट बनावट नाही. पूर्वी बचाव पक्षाला पंचाच्या स्मरणशक्तीवर तरी बोट ठेवता येत होते. आता न्यायालयापुढे नऊ मिनिटांचा सलग, अखंड, खरा पुरावा आहे, आणि त्यात पहाटेचे पाच वाजलेलेच नाहीत. कॅमेरा सुरू होण्याआधी काय घडले हे कॅमेरा सांगू शकत नाही. कथा वर्तमानकाळातच ठेवायची, हे त्या संध्याकाळी ठरले.

त्यानंतर चौथ्या खर्ड्याचा सर्वांत मोठा भाग म्हणजे ती नऊ मिनिटे. पडद्यावर ती साडेचार मिनिटांची आहेत आणि संपूर्ण प्रसंग शिपायाच्या हातातल्या फोनच्या चौकटीतूनच दिसतो. तो मी सोळा वेळा लिहिला. पहिल्या काही प्रयत्नांत आरोपी सरळ टाकीकडे जात असे, आणि तिथेच सगळे फसत होते, कारण ज्याने काल रात्री घाबरून, अंधारात काहीतरी फेकले आहे, तो दिवसाउजेडी इतका खात्रीने चालणार नाही. पण माझ्या गोष्टीत तर त्याला ती जागा खरोखरच ठाऊक आहे! म्हणजे खऱ्याला खरे दिसण्यासाठी अडखळावे लागणार होते. शेवटी मी असे केले: आरोपी आत शिरल्यावर डावीकडच्या टाकीपाशी थांबतो. ती चुकीची टाकी आहे. पाना उजवीकडच्या टाकीत आहे, कारण पहाटे परत ठेवताना अधिकाऱ्याने तो मूळच्या टाकीत ठेवलेला नाही. अंधारात, घाईत, त्याची गल्लत झाली आहे. आरोपी डाव्या टाकीत हात घालतो आणि हात रिकामा बाहेर येतो. तो गोंधळून अधिकाऱ्याकडे पाहतो. फोनच्या चौकटीत अधिकाऱ्याचा फक्त खांदा आणि हनुवटी दिसते. हनुवटी उजवीकडे अगदी किंचित वळते. आरोपी उजव्या टाकीकडे जातो.

एवढेच. त्या हालचालीसाठी संहितेत एक ओळ आहे आणि ती ओळ सापडायला मला पाच आठवडे लागले. पुढे न्यायालयात बचाव पक्षाचे वकील हेच चित्रण पुन्हा पुन्हा थांबवून दाखवतात, तेव्हा प्रेक्षकांना आठव्या पानावरची पहाट आठवते आणि आपण जे पाहिले ते या खोलीत आणखी कुणाला दिसेल का, या प्रश्नावर चित्रपटाची शेवटची पंचवीस मिनिटे चालतात.

या टप्प्यावर निर्मात्यांशी मतभेद झाले, ते थोडक्यात सांगतो. त्यांना उत्तरार्धात एक चकमक हवी होती आणि अधिकाऱ्याने ठेकेदाराला ठार करून आपले पाप धुऊन काढावे असे वाटत होते. मराठीत लिहिणाऱ्या माणसापुढे अशा वेळी ‘अर्ध सत्य’ उभा राहतोच. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये आणलेला तो चित्रपट पोलीस उपनिरीक्षक अनंत वेलणकरला गुंड रामा शेट्टीपर्यंत नेतो, आणि तिथे जे घडते ते अटळ वाटते, कारण कोठडीतल्या मृत्यूच्या चौकशीतून सुटण्यासाठी ज्याला पकडायचे होते त्याच्याच दारात मदत मागायला जाण्याची मानहानी त्याआधी वेलणकरने भोगलेली असते. माझ्या अधिकाऱ्याचा कोंडमारा वेगळा आहे. त्याला कुणी अपमानित केलेले नाही. त्याचे कौतुक झाले आहे, पहारेकऱ्याच्या आईने त्याच्या पायांना हात लावला आहे. अशा माणसाच्या हातात शेवटी पिस्तूल देणे म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाची नक्कल करणे झाले असते. मी निर्मात्यांना नऊ पानांचे टिपण लिहून पाठवले. ‘टच ऑफ ईव्हिल’ स्टुडिओने आपल्या मर्जीने कापल्यावर वेल्सने ५८ पानांचे निवेदन लिहिले होते आणि त्याच्या आधारे संकलक वॉल्टर मर्च यांनी तो चित्रपट १९९८ मध्ये पुन्हा संकलित केला, ही गोष्ट मला त्या दिवसांत धीर देत होती. माझ्या निर्मात्यांनी टिपण मनापासून वाचले, चकमक गेली, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्यांची एक शंका मात्र रास्त होती आणि तिने मला बरेच दिवस झोपू दिले नाही: याला शिक्षा होणार की नाही? हॉलिवूडमध्ये १९३० साली स्वीकारलेली आणि १९३४ पासून काटेकोरपणे लादलेली निर्मितीसंहिता १९६८ पर्यंत या प्रश्नाचे उत्तर लेखकाच्या वतीने देऊन मोकळी होत असे. कायदा मोडणाऱ्याविषयी सहानुभूती निर्माण होता कामा नये, असा तिचा दंडक होता. आता असा दंडक नाही, म्हणून उत्तर लेखकाला स्वतः द्यावे लागते. मी तीन शेवट लिहिले. एकात तो निलंबित होतो, एकात त्याला पदक मिळते, एकात शिपाई साक्षीला उभा राहतो. तिन्ही लिहून झाल्यावर लक्षात आले, की प्रत्येकात मी अधिकाऱ्याचा हिशेब दुसऱ्या कुणाकडून तरी चुकता करून घेत होतो, आणि त्याला स्वतःला मात्र काहीच करावे लागत नव्हते. पहाटे टाकीत पाना परत ठेवला तेव्हा तो एकटा होता. शेवटीही तो एकटाच असायला हवा होता.

म्हणून पाचव्या खर्ड्यात तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे. शपथ झाली आहे, सरकारी वकिलांचे प्रश्न, म्हणजे सरतपास, झाला आहे. बचाव पक्षाचे वकील या वेळी चित्रण थांबवत नाहीत, हनुवटीविषयी काही विचारत नाहीत. त्यांना ती दिसली की नाही हे आपल्याला कळत नाही. ते कागद चाळत, मान वर न करता, नेहमीच्या यादीतला एक प्रश्न विचारतात, ‘‘अकरा वाजण्यापूर्वी तुम्ही त्या जागी कधी गेला होतात का?’’ खरे सांगितले तर खुनी सुटेल. खोटे सांगितले तर पंचनाम्यातली वेळ आता शपथेवरची साक्ष होईल. मागच्या बाकावर पहारेकऱ्याची आई बसली आहे आणि तिच्यापासून दोन हात अंतरावर शिपाई.

संहितावाचन एका लहानशा खोलीत झाले, सगळे कलाकार गोल बसले होते. अधिकाऱ्याचे काम करणारे नट ज्येष्ठ आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. मी संहितेत लिहिले होते: ‘तो तत्काळ उत्तर देतो, नाही.’ माझा विचार असा, की इतक्या दिवसांच्या सवयीने खोटे आता त्याच्या तोंडी बसले असणार. सरांनी प्रश्न ऐकला आणि ते थांबले. त्यांनी पाणी मागितले नाही, कपाळ पुसले नाही, अभिनयाची कुठलीच खूण केली नाही. फक्त डावा अंगठा उजव्या तळहातावरून दोनदा फिरवला, पहाटेच्या प्रसंगात हात पुसतात तसा. मग म्हणाले, ‘‘नाही.’’ आवाज स्वच्छ होता. दिग्दर्शिकेने माझ्याकडे पाहिले. मी पेन घेतले, ‘तत्काळ’ हा शब्द खोडला, त्याच्या जागी ‘हात पुसतो’ एवढे लिहिले, आणि त्या दुपारी संहिता चित्रीकरणासाठी पक्की झाली.